हुलिओ फ्रँको: पाच देशांत खेळलेला माणूस

डावा_हात

बेसबॉलवर आपल्याकडे धागे निघत नाहीत, आणि निघालाच तर गाडी बेब रूथच्या पुढे सरकत नाही. मला हुलिओ फ्रँकोबद्दल लिहायचंय. लोक त्याला ‘मेजर लीगमध्ये होमरन मारणारा सगळ्यात म्हातारा खेळाडू’ म्हणून ओळखतात (मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग, होमरन म्हणजे चेंडू मैदानाबाहेर मारून चारही बेस घेणं), आणि त्याचं जपान, कोरिया, मेक्सिको हे सगळं ‘मधल्या काळात इकडेतिकडे खेळला’ या एका वाक्यात गुंडाळतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. मधली ती वर्षं काढून टाका, म्हातारपणीचा तो होमरन होतच नाही.

आधी थोडी ओळख. जन्म डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या हातो मायोरचा, वाढला सान पेद्रो दे माकोरीसजवळच्या कोन्सुएलोत. उसाचे मळे आणि साखर कारखाने यांचा हा पट्टा. सॅमी सोसाही याच कोन्सुएलोचा. १९७८ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजनी फ्रँकोला करारबद्ध केलं, १९८२ च्या एप्रिलमध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला आणि त्याच डिसेंबरात फिलीजनी त्याला क्लीव्हलंडला देऊन टाकलं. व्हॉन हेज या एकट्या खेळाडूसाठी फिलीजनी पाच जण दिले, त्या पाचांतला हा एक. पुढच्याच वर्षी फिलीज वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत पोचले. फ्रँको मात्र २००७ पर्यंत खेळूनही वर्ल्ड सिरीजचा एकही सामना खेळला नाही.

क्लीव्हलंडमध्ये तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता, मग सेकंड बेसवर आला. १९८८ च्या शेवटी टेक्सास रेंजर्सकडे गेला आणि तिथे त्याचं सोनं झालं. १९८९, ९०, ९१ अशी सलग तीन वर्षं ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या संघात. १९९० चा ऑल-स्टार सामना शिकागोच्या रिगली फील्डवर होता. पावसाने खेळ तासाभराहून जास्त थांबला. पुन्हा सुरू झाल्यावर फ्रँकोने रॉब डिबलच्या चेंडूवर डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, दोन रन आल्या आणि सामना २-० असाच संपला. सामनावीर अर्थातच तो. १९९१ मध्ये .३४१ च्या सरासरीने अमेरिकन लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला. २०१ हिट्स (फटका मारून बेस गाठला की हिट), ३६ बेस चोरलेले. त्या वर्षी रेंजर्सच्या तिघांनी दोनशे हिट्स ओलांडल्या होत्या: पाल्मेरो, सिएरा आणि हा.

ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं नसेल त्यांच्यासाठी त्याचा पवित्रा सांगतो. गुडघे आत वळलेले, हात डोक्याच्याही वर, आणि बॅट मागे न धरता डोक्यावरून पुढे झुकवलेली, इतकी की तिचं टोक थेट पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे रोखलेलं. कुठल्याही प्रशिक्षकाने पोराला असं उभं राहू दिलं नसतं. तिथून बॅट मागे जायची, फिरून पुढे यायची, आणि चेंडू बहुतेक वेळा उजव्या मैदानात जायचा. उजव्या हाताच्या फलंदाजाने उजवीकडे मारायचं म्हणजे चेंडू उशिरापर्यंत बघायचा आणि मग मारायचा. पुढे त्याला हेच कामी आलं, पण ते नंतर.

१९९२ मध्ये गुडघा गेला, जेमतेम ३५ सामने खेळला. ९४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडे .३१९, २० होमरन, ९८ आरबीआय. संघ आपल्या गटात पहिला. आणि १२ ऑगस्टला संप झाला. खरी गोष्ट इथून सुरू होते, पण आज इतकंच. कोणाला रस असेल तर पुढे लिहितो.

---

चिमणी

रस आहे, लिहा! फक्त मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. .३४१ म्हणजे चांगलं की वाईट? सरासरी एकाहून कमी असलेला फलंदाज विजेता कसा?

---

हिशेबनीस

@चिमणी, क्रिकेटची सरासरी डोक्यातून काढा. इथे ‘बाद होण्याआधी किती रन’ असा हिशेब नसतो. दर वेळी फलंदाज उभा राहिला की हिट मिळाली की नाही, एवढंच बघायचं. हिट्स भागिले अ‍ॅट-बॅट. वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकटात पहिला बेस) मिळाला तर ती अ‍ॅट-बॅट धरत नाहीत. म्हणजे .३४१ म्हणजे हजारात ३४१ वेळा यश. दहातल्या सात वेळा अपयशी होणारा माणूस इथे तारा असतो. .३०० च्या वर सातत्याने राहणारे मोजकेच.

आरबीआय म्हणजे याच्या फटक्यामुळे किती जण होम बेसला पोचले, म्हणजे किती रन आल्या, स्वतः धरून. आणि बेस चोरणं म्हणजे पिचर चेंडू टाकतोय तेवढ्यात पुढच्या बेसवर पळून जाणं. हे वाचताना साधं वाटतं, पण मोसमात ३६ म्हणजे पाय भलतेच चपळ होते.

धागाकर्ते, संपाचं लिहा.

---

शंकासुर

लेख छान, पण एक शंका. हा माणूस नक्की जन्मला कधी? माझ्याकडे ऐंशीच्या दशकातली बेसबॉल कार्डं आहेत, त्यावर जन्मवर्ष १९६१ आहे. अलीकडे सगळीकडे २३ ऑगस्ट १९५८ देतात. डॉमिनिकन खेळाडूंच्या वयाची भानगड जुनी आहे. स्काउटला सतरा वर्षांचा पोरगा हवा असतो, वीस वर्षांचा आला की भाव पडतो. मग वय कमी करायचं. तेव्हा ‘सगळ्यात म्हातारा’ वगैरे विक्रम जरा हात राखून वाचलेले बरे.

---

डावा_हात

@शंकासुर, १९६१ वालं कार्ड मीही पाहिलंय. पण गंमत बघा, १९५८ धरलं तर विक्रम त्याचा. आणि ६१ धरलं तरी २००७ मध्ये तो पंचेचाळिशी ओलांडून बेस चोरत होता. भानगड असली तर ती विक्रमाच्या नेमक्या आकड्याची. खेळाला त्याने काही बाधा येत नाही. मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत १९५८ आहे, मी तेच धरून चाललोय.

आता संप. पगारावर मर्यादा घालायची की नाही यावरून मालक आणि खेळाडूंची संघटना यांचं जुळेना. १२ ऑगस्ट १९९४ ला खेळाडूंनी काम थांबवलं, सप्टेंबरमध्ये वर्ल्ड सिरीज रद्द झाली. १९०४ नंतर प्रथमच. संप एप्रिल ९५ पर्यंत ओढला. त्या हिवाळ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं की पुढचा मोसम होणार की नाही. फ्रँको छत्तीस वर्षांचा, गुडघा एकदा गेलेला, आणि करार संपलेला. एक वर्ष घरी बसला असता तर सदतिसाव्या वर्षी त्याला कुणी विचारलं असतं का? मला नाही वाटत.

त्याच वेळी जपानमध्ये चिबा लोट्टे मरीन्सनी बॉबी व्हॅलेंटाइनला मॅनेजर (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक) नेमलं. हाच व्हॅलेंटाइन टेक्सासमध्ये फ्रँकोचा मॅनेजर होता, .३४१ च्या वर्षीसुद्धा. म्हणजे फ्रँको अनोळखी देशात गेला पण अनोळखी डगआउटमध्ये गेला नाही.

---

पूर्वेचा_वारा

हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून घुसतो.

१९९५ चं लोट्टे हे एक अजब प्रकरण होतं. वर्षानुवर्षं तळाशी असलेला संघ, किनाऱ्यावरचं वाऱ्याचं मैदान, प्रेक्षक तोकडे. व्हॅलेंटाइन आला, पिचिंगला हिदेकी इराबू आणि एरिक हिलमन, फर्स्ट बेसवर फ्रँको. संघ पॅसिफिक लीगमध्ये दुसरा आला. पहिला ओरिक्स, म्हणजे पुढे अमेरिकेतही गाजलेल्या इचिरोचा संघ. फ्रँकोची सरासरी .३०६, होमरन १०. आकडे वरवर साधे वाटतील, पण त्या वर्षी फर्स्ट बेससाठी त्याला ‘बेस्ट नाइन’ही (त्या जागेवरचा सर्वोत्तम खेळाडू) मिळालं आणि ‘गोल्डन ग्लव्ह’ही (क्षेत्ररक्षणासाठी). मूळचा शॉर्टस्टॉप, गुडघ्यामुळे हलवलेला, आणि परदेशात जाऊन क्षेत्ररक्षणाचं बक्षीस घेतो. मला त्या .३०६ पेक्षा हे जास्त मोठं वाटतं.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी त्याच लोट्टेत पीट इंकाविलियाही होता. तोही टेक्सासचा, तोही व्हॅलेंटाइनच्या हाताखाली खेळलेला, ताकदीचा होमरनवाला. त्याची सरासरी .१८१. मॅनेजर तोच, मैदान तेच, दुभाषीही तेच असणार. मग फरक कशाचा? जपानी पिचर अडचणीत असतानाही सरळ वेगवान चेंडू देत नाहीत. फोर्क, स्लायडर असे खाली पडणारे नि वळणारे, कडेकडेचे चेंडू. फलंदाजाने आततायीपणा करावा याची ते वाट बघतात. बॅट जोरात फिरवून मैदानाबाहेर मारायला गेलेला माणूस तिथे फसतो. उशिरापर्यंत चेंडू बघून उजवीकडे ढकलणारा टिकतो. वर धागाकर्त्यांनी फ्रँकोच्या फटक्याचं जे वर्णन केलंय, त्याचं उत्तर इथे मिळतं.

आणि व्हॅलेंटाइनचं काय झालं? दुसऱ्या क्रमांकावर येऊनही त्याला काढलं. जनरल मॅनेजर हिरोओका यांच्याशी पटलं नाही. सरावाच्या पद्धतीवरून वाद होता: जपानी शिरस्ता म्हणजे दमेपर्यंत सराव, आणि हा म्हणायचा खेळाडूंना विश्रांती द्या. व्हॅलेंटाइन गेला तसा फ्रँकोही अमेरिकेत परतला.

---

वाचनमात्र

सुंदर चालू आहे. वाचतोय.

---

शंकासुर

मला अजूनही हे गळी उतरत नाही. ‘जपानला गेला म्हणून टिकला’ हे मागाहून लावलेलं कौतुक वाटतं. अमेरिकेत जागा नाही म्हणून माणूस जपानला जातो, तिथे जागा नाही म्हणून कोरियाला, तिथून मेक्सिकोला. ही उतरंड आहे. आपण तिला प्रवास म्हणतो कारण शेवट गोड झाला. ज्यांचा शेवट गोड झाला नाही अशा शेकडो खेळाडूंचे धागे कोण काढतो?

---

डावा_हात

@शंकासुर, शेवटचा प्रश्न रास्त आहे. बहुतेकांची ती उतरंडच असते. पण फ्रँकोच्या बाबतीत क्रम बघा.

१९९६, क्लीव्हलंडकडे परत, .३२२. उतरणीला लागलेल्या माणसाची ही सरासरी नाही. १९९७ मध्ये ऑगस्टात क्लीव्हलंडने सोडलं, मिलवॉकीत उरलेला मोसम. (आणि त्याच वर्षी क्लीव्हलंड वर्ल्ड सिरीजला. याच्या नशिबाला काय म्हणावं!) १९९८ मध्ये पुन्हा चिबा लोट्टे, .२९० आणि १८ होमरन. वय चाळीस. १९९९ मेक्सिको सिटी टायगर्स. त्याच वर्षी सप्टेंबरात टँपा बे डेव्हिल रेजनी त्याला बोलावलं आणि एकदा बॅटिंगला पाठवलं. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. २००० मध्ये कोरियात सॅमसंग लायन्स: .३२७, २२ होमरन, ११० आरबीआय. २००१ मध्ये पुन्हा मेक्सिको सिटी टायगर्स: .४३७.

९७ च्या शेवटापासून २००१ च्या ऑगस्टअखेरपर्यंत मेजर लीगमध्ये त्याच्या नावावर ती एक अ‍ॅट-बॅट आहे. एकच. अमेरिकेत राहिला असता तर बाकावर बसून आठवड्यातून दोनदा बदली फलंदाज म्हणून गेला असता, नाहीतर मायनरमध्ये, म्हणजे खालच्या शिकाऊ लीगांत, पोरांबरोबर बसप्रवास केला असता. त्याऐवजी तो रोज खेळला. रोज चार वेळा बॅट हातात. चाळिशीनंतर फलंदाजाचे डोळे जातात म्हणतात, पण रोज बघायला मिळणारे चेंडू कमी झाले की डोळे आधी जातात असं माझं मत आहे. मत आहे, सिद्धांत नाही.

---

पूर्वेचा_वारा

१९९८ च्या लोट्टेबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आकड्यांत ते दिसत नाही.

त्या उन्हाळ्यात लोट्टे सलग १८ सामने हरले. मध्ये एक बरोबरीत सुटला (जपानमध्ये बरोबरी होते), तेवढीच उसंत. जपानी बेसबॉलमधला हा विक्रम आहे. ७ जुलैला कोबेमध्ये ओरिक्सशी सामना. आधीचे सोळा गेलेले. लोट्टे ३-१ ने पुढे, नववी इनिंग, पिचर तोमोहिरो कुरोकी सुरुवातीपासून एकटा टाकत आलेला. दोन बाद. एक बाद हवा. आणि समोर हार्वी पुलियम. दोन रनचा होमरन, ३-३. कुरोकी माउंडवरच (पिचरच्या उंचवट्यावर) गुडघ्यावर बसला. बाराव्या इनिंगमध्ये ओरिक्सने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन, चार रन) मारून सामना घेतला. तिथे या सामन्याला अजून ‘तानाबाताची शोकांतिका’ म्हणतात, कारण ७ जुलै हा तानाबाताचा सण.

असल्या संघात चाळिशीचा परदेशी खेळाडू काय करतो? बहुतेक जण दुखापत दाखवून घरी निघतात. तिथे तशी उदाहरणं पोत्याने आहेत. फ्रँकोने मोसम पुरा केला आणि त्या वर्षी १८ होमरन मारले. हरलेले सामने अठरा आणि याचे होमरनही अठरा, हा नुसता योगायोग, पण मला विसरता येत नाही.

---

चिमणी

बाप रे. १८ सलग! मालकांनी काढलं नाही का सगळ्यांना?

एक प्रश्न: हे म्हणजे आपल्या टी-ट्वेंटीवाल्यांसारखंच का? आज या देशाची लीग, उद्या त्या देशाची?

---

हिशेबनीस

@चिमणी, तसं नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. टी-ट्वेंटीच्या लीगा दीड-दोन महिन्यांच्या, वर्षभर विखुरलेल्या. माणूस वर्षात तीन-चार ठिकाणी खेळू शकतो. बेसबॉलमध्ये अमेरिका, जपान, कोरिया, मेक्सिको सगळ्यांचे मोसम एकाच वेळी, वसंतापासून शरदापर्यंत. मेजर लीगचे १६२ सामने, जपानचे तेव्हा १३० च्या आसपास, कोरियाचेही तितकेच. एक निवडला की बाकीची दारं त्या वर्षापुरती बंद. फ्रँको जपानला गेला याचा अर्थ त्याने त्या वर्षाची अमेरिका पणाला लावली.

अपवाद हिवाळी लीगांचा. डॉमिनिकन, व्हेनेझुएला, प्वेर्तो रिको, मेक्सिकोचा पॅसिफिक किनारा. ऑक्टोबर ते जानेवारी. डॉमिनिकन खेळाडू मोसम संपला की घरी जाऊन तिथेही खेळतात. फ्रँको तर खेळलाच. धाग्याच्या शीर्षकात पाच देश आहेत ते त्यामुळे.

कोरियाचंही सांगतो. तिथे परदेशी खेळाडूंना १९९८ पासूनच परवानगी मिळाली. पहिल्याच वर्षी टायरोन वुड्सने ४२ होमरनचा नवा विक्रम करून सर्वोत्तम खेळाडूचा किताब नेला. त्यामुळे परदेशी फलंदाजाकडून अपेक्षा भलत्याच वाढल्या होत्या. फ्रँको गेला तो या वातावरणात. शिवाय सॅमसंगमध्ये त्याच्या शेजारी ली सुंग-योप, ज्याने आदल्याच वर्षी ५४ होमरन मारले होते. तिथे ११० आरबीआय म्हणजे त्याने भाकरी नीट कमावली.

---

उंटावरचा_शहाणा

अवांतर, पण सान पेद्रो दे माकोरीसचा उल्लेख आला म्हणून. त्या गावाचा आणि क्रिकेटचा संबंध आहे! साखर कारखान्यांत राबायला कॅरिबियनमधल्या इंग्रजांच्या ताब्यातल्या बेटांवरून मजूर आले. त्यांना तिथे ‘कोकोलो’ म्हणत. येताना त्यांनी क्रिकेट आणलं. कारखान्यांचे क्रिकेट संघ होते, सामने व्हायचे. पुढच्या पिढीने हळूहळू बेसबॉल उचलला, पण संघ बांधायची, शिस्तीने सराव करायची सवय आधीच लागलेली होती. या एका गावातून मेजर लीगमध्ये इतके खेळाडू गेले की त्याला शॉर्टस्टॉपची खाण म्हणायचे. अल्फ्रेडो ग्रिफिन, टोनी फर्नांडेझ, मारिआनो डंकन. आणि रिको कार्टी, ज्याने १९७० मध्ये .३६६ ने नॅशनल लीगचा फलंदाजीचा किताब घेतला.

चला, आपल्याही पोटात जरा गार पडलं.

---

वाचनमात्र

@उंटावरचा_शहाणा, हे माहीत नव्हतं. या माहितीचा वेगळा धागा काढा की राव.

---

डावा_हात

आता परतीचा भाग.

२००१ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जना फर्स्ट बेसवर माणूस टिकत नव्हता. रिको ब्रोन्याने जुलैत निवृत्ती घेतली. इतर प्रयोग झाले, पण काही केल्या जमेना. मेक्सिकोत एक जण .४३७ मारतोय ही बातमी होती. पण मेक्सिकन लीगच्या आकड्यांकडे अमेरिकेत कुणी फार गांभीर्याने बघत नाही: उंचावरची मैदानं, विरळ हवा, चेंडू उडतो. मेक्सिको सिटी तर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर. तरी ब्रेव्ह्जनी त्याचा करार टायगर्सकडून विकत घेतला, तोही ऑगस्टच्या अगदी शेवटी. वेळ महत्त्वाची: ३१ ऑगस्टनंतर आलेला खेळाडू नियमाप्रमाणे पोस्ट-सीझनमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) धरला जात नाही. फ्रँकोचा त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन आठवडा झाला होता.

उरलेल्या २५ सामन्यांत .३०० आणि पोस्ट-सीझनमध्ये फर्स्ट बेस त्याचाच. त्यानंतर ब्रेव्ह्जनी त्याला २००५ पर्यंत सोडलं नाही, आणि त्या प्रत्येक वर्षी ब्रेव्ह्ज आपल्या गटात पहिले. मग न्यूयॉर्क मेट्सनी सत्तेचाळिशीच्या माणसाला दोन वर्षांचा करार दिला, २२ लाख डॉलरचा. तिथे तरुण लॅटिन खेळाडूंना सांभाळणं हे अर्धं काम होतं. पण उरलेलं अर्धंही त्याने केलं. २० एप्रिल २००६, सान दिएगो, बदली फलंदाज म्हणून आला आणि स्कॉट लाइनब्रिंकला होमरन. जॅक क्विनचा १९३० पासूनचा विक्रम मोडला. क्विन तर पिचर होता.

४ मे २००७, अ‍ॅरिझोना. समोर रँडी जॉन्सन, वय ४३, सहा फूट दहा इंच, एकेकाळी डावखुऱ्या फलंदाजांना अंगावर काटा आणणारा. फलंदाज ४८ वर्षांचा. दोघांची वयं मिळून नव्वदीच्या पुढे. फ्रँकोने चेंडू उजवीकडे मारला, त्याच जुन्या पद्धतीने, आणि तो कुंपणापलीकडच्या जलतरण तलावाकडे गेला. (होय, त्या मैदानात उजव्या बाजूला पोहायचा तलाव आहे. भाड्याने मिळतो.) मेजर लीगमधला त्याचा तो शेवटचा होमरन. जुलैत मेट्सनी सोडलं, ब्रेव्ह्जनी परत घेतलं, सप्टेंबरात शेवटचा सामना. तेव्हा तो ४९ चा.

२००८ मध्ये परत मेक्सिको, आता तोच टायगर्स संघ कान्कूनला हललेला. थोडं खेळून निवृत्ती.

---

शंकासुर

‘निवृत्ती’ हा शब्द या माणसाच्या बाबतीत सांभाळून वापरा. २०१४ मध्ये फोर्ट वर्थ कॅट्सकडून टेक्सासमधल्या एका स्वतंत्र लीगमध्ये उतरला, वय ५५. २०१५ मध्ये जपानच्या इशिकावा मिलियन स्टार्सचा मॅनेजर झाला आणि स्वतःलाच बॅटिंगला पाठवलं, वय ५६. छोटी प्रांतिक लीग, पण पिचर विशीतले.

हे मी टोमणा म्हणून लिहायला बसलो होतो, लिहिता लिहिता तोल गेला. हे बरंच अचाट आहे.

---

पूर्वेचा_वारा

त्यानंतर कोरियातल्या लोट्टे जायंट्सकडे फलंदाजी प्रशिक्षक. चिबाचा लोट्टे आणि बुसानचा लोट्टे एकाच उद्योगसमूहाचे संघ.

---

हिशेबनीस

आता माझ्या आवडीचा भाग. मेजर लीगमध्ये त्याच्या हिट्स २५८६. सरासरी .२९८, होमरन १७३. चांगलं आहे, पण ३००० चा आकडा गाठला नाही, म्हणून हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीच्या) मतदारांनी ढुंकूनही बघितलं नाही. २०१३ च्या मतदानात ६ मतं, १.१ टक्का. ५ टक्क्यांच्या खाली गेलं की नाव कायमचं यादीतून बाद.

आता सगळ्या देशांची बेरीज करा:

मेजर लीग २५८६
अमेरिकेतल्या मायनर लीगा ६१८
मेक्सिको ३१६
जपान २८६
डॉमिनिकन हिवाळी लीग २६७
कोरिया १५६

एकूण ४२२९.

व्यावसायिक बेसबॉलमध्ये चार हजारांच्या वर हिट्स असलेले लोक बोटांवर मोजण्याइतके. पीट रोझ, टाय कॉब, हँक आरोन, इचिरो अशी ती रांग. त्या रांगेत हा उभा आहे आणि हॉल ऑफ फेमला सहा मतं.

---

शंकासुर

आला मूळ पदावर. @हिशेबनीस, ही बेरीजच मला मान्य नाही. मायनरच्या ६१८ हिट्स कशाला धरता? विशीतल्या शिकाऊ पोराच्या हिट्स आणि मेजर लीगची हिट एका मापाने मोजायच्या? आणि मेक्सिकोच्या विरळ हवेतल्या ३१६? तुम्हीच सगळं समजावलंत आणि तुम्हीच एका पोत्यात घालताय.

---

हिशेबनीस

मायनरचं मान्य. तेही वजा करा, हिवाळी लीगही वजा करा. म्हणजे मोठ्या लोकांच्या मुख्य मोसमाच्या लीगा तेवढ्या उरल्या: मेजर, जपान, कोरिया, मेक्सिको. ३३४४.

आता इचिरोच्या वेळी काय झालं आठवा. जपानमधल्या १२७८ आणि मेजर लीगमधल्या ३०८९ मिळून ४३६७, म्हणून त्याने मेजर लीगमध्ये सर्वाधिक हिट्स असलेल्या रोझला मागे टाकलं की नाही यावर कोण गदारोळ झाला. रोझ स्वतः चिडला होता. निदान वाद तरी झाला! इचिरोची जपानी वर्षं तरुणपणीची, अमेरिकेत यायच्या आधीची, म्हणून लोक ती ‘पाया’ म्हणून धरतात. फ्रँकोची उतारवयातली, म्हणून तीच लीग ‘शिल्लक’ ठरते. लीग तीच, पिचर त्याच तोडीचे. १९९५ ला तर दोघे एकाच लीगमध्ये समोरासमोर खेळले.

---

डावा_हात

हेच मला पहिल्या पोस्टमध्ये म्हणायचं होतं, हिशेबनीसांनी आकड्यांत मांडलं. बाहेर जाऊन परत येणारे आता रोजचे झालेत. सेसिल फील्डर १९८९ मध्ये हानशिन टायगर्सकडे ३८ होमरन मारून परतला आणि १९९० मध्ये डेट्रॉइटसाठी ५१. अलीकडे मेरिल केली कोरियात चार वर्षं काढून आला आणि २०२३ मध्ये अ‍ॅरिझोनासाठी वर्ल्ड सिरीजचा सामना सुरू केला. पण हे सगळे एकदा गेले, एकदा परतले. फ्रँको तीनदा गेला आणि तीनदा परतला, शेवटच्या वेळी त्रेचाळिसाव्या वर्षी.

---

शंकासुर

तिसऱ्या परतीबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या परतीत टँपा बेकडे एक अ‍ॅट-बॅट, तीही स्ट्राइकआउट. तिला परत येणं म्हणायचं असेल तर म्हणा.

---

डावा_हात

पगार मिळाला ना? मग परतला.

---

चिमणी

😄 काल रात्री त्याच्या बॅटिंगच्या जुन्या क्लिपा बघितल्या. बॅट खरंच पिचरवर रोखल्यासारखी धरतो! मान कशी दुखत नाही याची?

बाय द वे, भारतातून कोणी गेलंय का यात?

---

उंटावरचा_शहाणा

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून वेगवान चेंडू टाकणारी पोरं शोधली, दोघेही भालाफेकपटू. पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला, मायनरमध्ये खेळले. रिंकू पुढे ऑस्ट्रेलियातल्या लीगमध्येही खेळला, मग दुखापती, आणि शेवटी कुस्तीच्या शोमध्ये गेला. त्याच्यावर धागा मी काढतो, पण रविवारनंतर. तोवर कोणी हात लावू नये.

---

वाचनमात्र

@उंटावरचा_शहाणा, आधी सान पेद्रोचा काढा. नंबर लावून ठेवलाय.